मागून आलेली घंटी

नवऱ्याला मी कधी नावानं हाक मारली नाही. पण इथं मुकुंदच लिहिते, कारण ‘आमचे हे’ म्हणत बसले तर गोष्ट वाटेतच अंधार करील.

मुकुंदला एकच वेड होतं: सायकलनं दूरवर जायचं आणि वाटेत एकही ट्रक पाहायचा नाही. पेंचच्या उजव्या कालव्यात पाणी आलं (आमच्याकडे कालव्याला नहरच म्हणतात) आणि त्याच्या काठानं मुरुमाची पाळ, म्हणजे बांधावरची वाट, त्याला आयती मिळाली. पाळीच्या दोन्ही तोंडांना लोखंडी आडवा दांडा, त्याला कुलूप. पाटबंधारे खात्याची जीप सोडली तर चाकाचं काही आत शिरत नाही. सायकल तेवढी उचलून पलीकडे ठेवायची. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली नदीचं खोरं, तुरीची शेतं, संत्र्याचे बगीचे. रविवारी पहिल्या एसटीच्या टपावर सायकली चढवायच्या, पारशिवनीला उतरायचं आणि पाळीनं रमतगमत घरी यायचं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. आठवडाभर पोरांची डोकी खाल्ल्यावर ही सरळ, सपाट, मुकी वाट मला औषधासारखी वाटे.

वैजू, आमची चार वर्षांची पोरगी, रविवारी शोभाताईंकडे राहायची. शोभाताई म्हणजे शहराच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतल्या समोरच्या शेजारीण. संध्याकाळी मुकुंद परतला की त्याच्या सायकलच्या दांडीवरच्या छोट्या सीटवर बसून गल्लीच्या तोंडापर्यंत एक फेरी, हा वैजूचा हक्क. गल्ली अरुंद. कोणी बाजूला होऊन वाट दिली की “मेहेरबानी, काका” म्हणायचं, हे मुकुंदनंच तिला शिकवलेलं. तो स्वतः तर साइड देण्यात पहिला नंबर. मागून घंटी आली रे आली की डावीकडे व्हायचा, डावा पाय टेकवायचा आणि म्हणायचा, “जा गा भाऊ.” मी चिडवायची, की तुमचा जन्म दुसऱ्याला पुढं पाठवण्यातच जाणार.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यातला रविवार. पाळ सुरू होते तिथं प्रयागबाईची टपरी आहे. चहा झाला, निघताना तिनं माझ्या ओंजळीत बोरं घातली आणि म्हणाली, “बाई, एक सांगू का? पाळीवर मांगून घंटी आली तं मांगं पाहू नका. साइड बी देऊ नका. चालत राहा.”

“काहून?” मुकुंदनं विचारलं.

“गावात कोनी देत नाही, भाऊ.”

“घंटी वाजवली तं बिचाऱ्याले वाट नको का द्याले?”

“त्याले नाही देत,” ती म्हणाली आणि कप विसळायला बसली.

अशा रीतींचा मला राग येतो. कारण विचारलं की लोक कप विसळायला घेतात. मी बोरं रुमालात बांधली आणि निघाले.

डबा खाऊन पुन्हा पाळीला लागलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पुढं मी, मागं मुकुंद. तिथं नहर टेकडी कापून जातो. दोन्हीकडे काळ्या दगडाची उभी भिंत, मधे पाणी आणि पाळ एवढंच. पाखरांचा आवाजही येत नाही. मागून घंटी वाजली. ती मुकुंदचीच होती, कारण वैजूनं एकदा आपटल्यापासून ती फुटक्या वाटीसारखी वाजायची.

“काहून घंटी वाजवून राहिले?” मी मागं न पाहता विचारलं.

“मी कुठं? मागून कोणी येऊन राहिलं.” मग त्याचं चाक थांबल्याचा आवाज आला, चप्पल मुरुमावर टेकल्याचा आवाज आला आणि त्याचं नेहमीचं, “जा गा भाऊ.”

मी चालवतच राहिले. प्रयागबाईचं ऐकून नव्हे, मी मुळात कोणालाच साइड देत नाही. माझ्या बाजूनं कोणीही गेलं नाही.

जरा वेळानं मुकुंदनं मला गाठलं. “दिसला का? काय जोरात गेला. तोंड नाही दिसलं, पाठच दिसली. सदरा निळा, डबा पण आपल्यासारखाच, लाल फडक्यात बांधलेला.”

“माझ्याजवळून कोणी गेलं नाही.”

“तुह्याच बाजूनं तं गेला.”

निळा सदरा मुकुंदच्या अंगात होता. मी त्याला प्रतिध्वनी समजावून सांगितला. उभा दगड, स्थिर पाणी, हात चुकून घंटीला लागला असेल, वगैरे. तो हो हो म्हणत होता. मी बोलता बोलता खाली पाहत होते. माझ्या पुढच्या मुरुमावर, जिथं मी अजून पोचलेच नव्हते, टायरची रेघ होती. ठरावीक अंतरानं तिच्यात ठिगळाचा ठसा. मुकुंदच्या मागच्या टायरला तसंच ठिगळ होतं. गेल्या रविवारची रेघ असेल, असं मी ठरवलं. कारण सापडलं की मला बरं वाटतं.

पुढं नहराच्या दरवाजापाशी नत्थूजी चौकीदार असतो. आम्हाला ओळखतो. मुकुंदला पाहून तो खाटेवरून उठलाच.

“साहेब, तुम्ही आताच तं पुढं गेले. मांगून कसे आले?”

“दुसरा कोणी असंल गा.”

“दुसरा कसा? तुम्हीच. हातानंच पानी मांगतलं, बोलले काईच नाही. गिलास तोंडाले लावला अन तसाच ठेवून देल्ला. हा पाहा.”

कठड्यावर स्टीलचा गिलास होता. काठोकाठ भरलेला. मुकुंद हसला आणि त्यानं सायकलवर टांग टाकली. त्यानंतर मुकुंद मागं न राहता माझ्या शेजारून चालवू लागला, आणि ते मला आवडलं.

पाळ संपली. दांडा ओलांडून कोराडीच्या रोडवर आलो. ट्रक धूर सोडत जात होते आणि जन्मात पहिल्यांदा मला ट्रक पाहून आनंद झाला. तेवढ्यात मुकुंदचं मागचं चाक बसलं, नेमकं ठिगळापाशी. पंक्चरवाला समोरच होता. त्यानं मुकुंदकडे पाहिलं, मग सायकलकडे.

“पाहा, मघाशी म्हटलं हवा भरून घ्या, तं थांबले नाही तुम्ही. म्हने घाई आहे, वैजू वाट पाहून राहिली.”

“कोण म्हणालं वैजू?” मी विचारलं.

“हेच साहेब. अन गेले महालाकडं.”

आधी नुसती पाठ होती. मग तोंड आलं. आता त्याला बोलता येत होतं, आणि माझ्या पोरीचं नाव माहीत होतं. मला भीती वाटली. बाळंतपणातही वाटली नव्हती इतकी.

मुकुंदच्या ओठांना रंग नव्हता. “तू हो पुढं. पोरीपाशी जा. मी ट्यूब बदलून आलोच.”

“लवकर या.”

“आलोच म्हटलं ना.”

सदर, बर्डी आणि मग आमचा महाल. मी सगळ्यांना घंटी मारत गेले. माणसं बाजूला होत गेली.

गल्लीत दिवे लागले होते. आमच्या भिंतीला मुकुंदची सायकल टेकलेली होती. दांडीवर छोटी सीट.

शोभाताई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. “आज मुकुंदभाऊ पहिले आले न वं शामला? शर्यत लावली होती काय? वैजूले फेरी बी मारून आणली.”

मी दारात गेले.

आत खुर्चीवर मुकुंद बसला होता. मांडीवर वैजू. निळा सदरा. पायांवर धूळ नव्हती. समोर चहा, त्यावर साय धरलेली.

“किती उशीर केला,” तो म्हणाला. आवाज बरोबर होता.

“वैजू, इकडं ये.”

“थांब ना आई. बाबा गोष्ट सांगून राहिले.”

तेव्हा माझ्या पाठीमागं घंटी वाजली. फुटक्या वाटीसारखी. अगदी पायरीशी.

खुर्चीतल्यानं माझ्याकडे पाहिलं. “प्रयागबाई काय म्हणाली, ध्यानात आहे ना?”

आमचं दार एका माणसापुरतं आहे. पाळीवर ज्यानं साइड दिली, त्याचंच रूप त्याच्या पुढं निघून आलं होतं. मी बाजूला झाले तर कोण आत येणार होतं? मुकुंद, की माझीच साडी नेसलेली कोणी? आणि पोरगी त्याच्या मांडीवर.

घंटी पुन्हा वाजली. हळू. मुकुंद कधी जोरानं वाजवत नसे.

मी हलले नाही.

तिसऱ्यांदा ती वाजली नाही. मी वळून पाहिलं तेव्हा गल्ली रिकामी होती. धुळीत टायरची एक रेघ आमच्या पायरीपर्यंत आलेली, आणि तिच्या डावीकडे एका चपलेचा ठसा.

शोभाताईंना मी विचारलं, आत्ता कोण आलं होतं? कोणी नाही, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कोराडीच्या रोडला गेले. पंक्चरवाला म्हणाला, “तुमच्या मांगंच तं निघाले ते, नवी ट्यूब टाकून.”

त्याला आता वर्ष झालं. घरात तक्रार करावी असं काही नाही. तो ऑफिसात जातो, भाजी आणतो, पोरीवर जीव टाकतो. चहाही आता पितो. एवढंच की रस्त्यात तो कोणाला साइड देत नाही. आणि पाळीचं नाव काढत नाही.

संध्याकाळची फेरी चुकत नाही. मी दारात उभी राहून पाहते. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे एक जागा आहे, भिंतीला लागून, एक सायकल आणि एक टेकलेला पाय मावेल एवढी. तिथं कधी कोणी नसतं. तिथं पोचलं की दांडीवरची वैजू मान वळवून त्या भिंतीकडे पाहते आणि शिकवल्याप्रमाणे म्हणते, “मेहेरबानी, बाबा.”