उसना आवाज

लोणावळ्यात बंद पडलेल्या एका लॉजच्या पहिल्या मजल्यावर वल्लरी आणि यशोधनची छोटी कंपनी होती. दोघं मोबाइल ॲप बनवायचे. कुणा रिसॉर्टचं बुकिंग, कुठल्या सरकारी खात्याची हजेरी, मिळेल ते काम. खोल्यांच्या दारांवर अजून जुने नंबर होते आणि भिंतींना बारमाही ओल.

त्या वर्षी आंदर मावळातल्या गावांसाठी तक्रारीचं ॲप करायचं काम मिळालं. वाचता न येणाऱ्यांनीही बटण दाबून तोंडी तक्रार सांगावी, अशी त्यात सोय होती. आवाज वल्लरीचा. लॉजच्या गाद्या ठेवायच्या कोठीत दार लावून तिने दोन वाक्यं भरली होती. ‘नमस्कार, आपली तक्रार सांगा,’ आणि ‘धन्यवाद, तक्रार नोंदवली आहे.’ तिसरं वाक्य नव्हतंच.

भाताची झोडणी उरकली तशा तक्रारी येऊ लागल्या. नळ, दिवे, रस्ता. एका वाडीतल्या नंदाबाईंची तक्रार एसटीची होती. गाडी नव्हती म्हणून साप चावलेल्या लेकीला झोळीतून न्यावं लागलं. सविता वाटेतच गेली. बाई हे अगदी सपाट सुरात सांगत होत्या. वल्लरीने ते ऐकलं आणि संबंधित खात्याकडे पाठवून दिलं.

मग त्याच फोनवरून रोज काही ना काही येऊ लागलं. त्यात तक्रार नसायची.

“व्हय गं, जेवले मी… न्हाई, गुडघा लय न्हाई दुखत…”

बाई मधेमधे थांबत होत्या. कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशा. वल्लरीने आवाज वाढवला. त्या थांबण्यात कुणीतरी हळूच म्हणत होतं, “आये, शेळी बांधलीस का?”

“शेजारीण असेल,” वल्लरी म्हणाली.

यशोधनने हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. काढून टेबलावर ठेवला.

“वल्लरी, आवाज तुझा आहे.”

दोघांनी सगळं उलटंपालटं करून तपासलं. ॲपमध्ये तीच दोन वाक्यं होती. शेवटी त्या फोनवरून ॲपच काढून टाकायचं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वल्लरी गाडी घेऊन निघाली.

वाडीवर लख्ख ऊन पडलं होतं. नंदाबाई ओट्यावर बसल्या होत्या, फोन पदराखाली धरून.

“ये. तू येनार म्हनून सांगितलं तिनं.”

“कुणी, मावशी?”

“सवितानं.”

वल्लरी त्यांच्या शेजारी टेकली. “मावशी, तो आवाज माझा आहे. मीच भरलाय त्यात.”

“ठावं हाय. तुजाच हाय.” म्हातारीने तिच्याकडे मायेने पाहिलं. “तिचा तिला कुटं राह्यलाय?”

वल्लरीने फोनसाठी हात पुढे केला. नंदाबाईंनी फोन आणखी घट्ट धरला.

“काढू नगंस, बाई. येवढंच हाय माज्यापाशी.”

वल्लरीने समजावलं, विनवलं. अखेर म्हाताऱ्या बोटांमधून तिने तो जवळजवळ ओढूनच घेतला.

ॲप काढायला क्षणही लागला नाही. तिने फोन परत ओट्यावर ठेवला.

नंदाबाई रडल्या नाहीत. मोकळ्या हातांकडे बघत राहिल्या.

“मंग आता ती कुटं जाईल गं?”

कामशेतपर्यंत वल्लरी कुठेही न थांबता आली. तिथे तिने गाडी कडेला घेतली आणि तळेगावला आईला फोन लावला. कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं.

“आई, मी बोलतेय.”

पलीकडे शांतता.

“आई?”

“कोण बोलतंय?”

“अगं, असं काय करतेस? मी वल्लरी.”

आईचा श्वास ऐकू आला. मग तिचा घाबरलेला, परका सूर.

“हा फोन माझ्या मुलीचा आहे. तुमच्याकडे कसा आला? ती कुठे आहे?”