रिपोर्ट यायच्या आधी

बालाघाट स्टेशनवर गोंदियाच्या गाडीला अजून वेळ होता. आईला बाकावर बसवून संघमित्रा तिची शाल सारखी करायला वाकली, तशी काखेतली फाइल निसटली आणि कागद फलाटावर पसरले. शेजारच्या बाकावरचा तरुण पटकन उठला. एकेक कागद उचलला, धूळ झटकली... आणि शेवटचा कागद वाचतच उभा राहिला.

"झालं का वाचून?" तिने हात पुढे केला.

तो चपापला. "माफ करा... अंडाशयाचा कॅन्सर आहे का?"

तिने कागद जवळजवळ ओढूनच घेतला. आईच्या दुखण्याचं नाव बाहेर काढायचं नाही, असा वसंताकाकांचा हुकूम होता. तुमसरच्या स्थळाला कुठून तरी कळलं आणि 'पोरीलेही होईन' म्हणून त्यांनी नकार कळवला. आता कटंगीच्या लोकांशी बोलणी चालली होती. लग्नाआधी चौकशीला माणसं पाठवतात, हे तिला ठाऊक होतं. कलेक्टर ऑफिससमोरच्या दुकानात ती दिवसभर शपथपत्रं टाइप करायची. कोण काय लपवतंय ते चेहऱ्यावरून ओळखता येतं, असा तिचा समज होता.

आणि हा चेहरा नक्कीच काहीतरी लपवत होता.

दुपारी नागपूरच्या हॉस्पिटलात तोच पुन्हा दिसला. नाव लोकेश, मलाजखंडच्या खाणीत एका ठेकेदाराकडे यंत्रदुरुस्तीचं काम. मोठ्या बहिणीला केमोसाठी आणलं होतं. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच दिवस, तोच वॉर्ड. या खेपेला त्याने न विचारता तिच्या हातात चहाचा कप दिला. त्याची बोटं ग्रीसने काळवंडलेली होती, पण कप कडेने स्वच्छ पुसलेला.

"तुमच्या आईच्या माहेरी आणखी कोणाले झालतं का?"

चहा गोड होता. प्रश्न नव्हता.

"काहून? लिहून घ्यायचं आहे का?"

"तसं नाही..." तो हसला आणि नजर खाली वळवली. हसायचा छान, हेच तर तिला खटकायचं. इतकं छान हसणारा माणूस इतके प्रश्न कशाला विचारतो?

पुढच्या खेपेला तो बहिणीला पाणी द्यायला उठला आणि खुर्चीवर त्याची वही उघडी राहिली. संघमित्राने वाकून पाहिलं. गोल, चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेषा. तीन गोल काळे केलेले. तिच्या घरच्याही तिघीच होत्या. आई, मावशी, आजी...

तो परतला तेव्हा वही तिच्या हातात होती.

"माह्या घरच्या बायका मोजून राह्यले तुमी? कटंगीवाल्यायनं पाठवलं ना तुमाले?"

"कटंगीले कोण आहे?" तो खरोखरच गोंधळला. मग तिच्या बाजूला बसला, मधे एक खुर्ची सोडून. "ह्या माह्या घरच्या आहेत. ही आजी. ही आई. ही ताई. डॉक्टरनं काढाले लावलं. अन् हा मी."

ताईच्या गोलाशेजारी एक चौकोन होता. अर्धा काळा.

"माणसाले कसा होईन अंडाशयाचा?"

"तो नाही होत. पण दोष रक्तात येते, आईकडून आला. मले दुसऱ्या कॅन्सरचा थोडा धोका आहे, अन् लेकरायलेही जाऊ शकते." त्याने वही मिटली. "आई गेली तवा आमाले हे कोणाले माहीतच नव्हतं. माहीत असतं त ताईले आधीच सावध राहता आलं असतं. तुमाले सांगायचं होतं... कसं सांगू, तेच समजे ना."

कोणी ऐकत नाही ना, हे तिने आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाली, "माही आजी अन् मावशी, दोघीही पोटात पाणी होऊन गेल्या. घरी कोणी नाव नाही घेत."

तरी तिने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. थेट डॉक्टरांना गाठून विचारलं. त्याचा शब्द न् शब्द खरा निघाला. आधी रुख्माबाईंचं, म्हणजे तिच्या आईचं रक्त तपासलं, दोष सापडला. डॉक्टर म्हणाले, मुलीत तो असण्याची शक्यता अर्धी-अर्धी.

"टेस्ट कायले पायजे?" वसंताकाका फोनवर तापले. "कागदावर आलं त लग्न होईन का तुहं?"

"नाही झालं त नाही झालं, काका. आईसारखं उशिरा नाही समजलं पायजे."

तिने रक्त दिलं. कटंगीला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. "कळवतो," ते म्हणाले. पुन्हा फोन आला नाही, आणि तिला वाईट वाटायच्या ऐवजी हलकंच वाटलं.

रिपोर्टच्या दिवशी काउंटरसमोर लोकेश बसलेला होता. इस्त्रीचा शर्ट, बोटं घासून लाल झालेली.

"आज तं ताईची तारीख नाही," तिने डोळे बारीक केले. "काहून आले?"

"तुमचा रिपोर्ट यायच्या आधी एक सांगायचं होतं." तो अडखळला. "चांगला आल्यावर सांगतलं त तुमी म्हणान, पाहून बोलला. खराब आल्यावर सांगतलं त म्हणान, कीव करते. म्हणून आताच... मले तुमी आवडता."

तिने त्याचा चेहरा निरखला. लपवलेलं काही सापडेना.

"अन् माह्याही रक्तात निघालं त?"

"डॉक्टरले इचारू. दोघं मिळून."

काउंटरवरून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली, दोन पावलं गेली... आणि परत आली.

"मंग माहं उत्तरही आधीच घ्या," ती म्हणाली. "हौ."

रिपोर्टात दोष निघाला. दोष म्हणजे आजार नव्हे, डॉक्टरांनी समजावलं; वेळच्या वेळी तपासण्या, पुढे चाळिशीच्या आत अंडाशय काढायच्या ऑपरेशनचा विचार. तिने सगळं लिहून घेतलं. पुढची तारीख काउंटरवर मिळाली, दहा ऑगस्ट; लोकेश तिच्या मागेच रांगेत उभा होता.

बाहेर आल्यावर लोकेश म्हणाला, "माहीही तपासणी दहालेच आहे."

"तुमी तं जुलैमधे आहे म्हणाले होते ना?" तिने संशयाने विचारलं.

"आताच बदलून घेतली," तो म्हणाला. या खेपेला त्याने नजर वळवली नाही.