अर्धी खाट

कपडे शिवण्याच्या कारखान्यात ती काजं करायची. लहानथोर सगळेच तिला मावशी म्हणत. मालकही म्हणायचा, आणि तो तर तिच्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा होता. अशी जगाची मावशी झालेली बाई स्वतःच्या लेकीसाठी सहसा मोकळी होत नाही. लेकीचे दिवस भरत आले, तेव्हा कारखान्यात शाळेच्या गणवेशांची घाई चालली होती. मावशीने चाचरत रजा मागितली. मालकाने दिली, पण पगार कापून दिली.

लेकीचं गाव लांब. थेट जाणारी एक गारेगार, पडद्यांची गाडी होती, पण तिचं भाडं ऐकूनच घाम फुटायचा. मावशीने साध्या गाड्यांची सांगड घातली. एक इथून, दुसरी वाटेतून, तिसरी घाट उतरल्यावर.

"हाडं खिळखिळी होतील तुझी," शेजारीण म्हणाली.

"होऊ देत. तिकडे पोचल्यावर मोजून घेईन," मावशी म्हणाली, आणि उरल्यासुरल्या कापडाची झबली-टोपरी पिशवीत कोंबून निघाली.

पहिल्या गाडीत रात्रभर उभ्याने डुलक्या काढल्या. दुसरी गाडी माळावर बंद पडली. घाटाखालच्या गावात ती उतरली तेव्हा दुपार झाली होती आणि पुढची गाडी थेट संध्याकाळी होती. स्थानकातल्या बाकांना मध्ये मध्ये लोखंडी दांडे बसवलेले, कुणी आडवं होऊ नये म्हणून. मावशीच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. चहावाल्याने तिची दशा पाहिली आणि समोर बोट दाखवलं.

"टायरच्या दुकानावर माडी आहे. तासाच्या हिशेबाने खाट मिळते. पाठ टेकून घ्या जरा."

जिन्याच्या वरच्या टोकाला खाटवाली बसली होती. चांगली थोराड बाई, सुजलेले पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडलेले.

"पूर्ण हवी का अर्धी?" तिने मान वर न करता विचारलं.

"अर्धी म्हणजे?"

"अर्धी म्हणजे अर्धी. भिंतीकडची बाजू लागलेली आहे. बाईमाणूसच आहे, घाबरू नका. भाडं निम्मं."

"द्या तर अर्धी. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, मी तर गुडघे पोटाशी घेऊन झोपते."

खाटवाली हसली नाही. तिने कोपऱ्यातल्या खाटेकडे हनुवटीने खूण केली.

माडीवर खाटांची रांग होती, मध्ये गोणपाटाचे पडदे. खालून रबराचा जळका वास येत होता आणि चाकावर हातोडा पडल्याचे सावकाश ठोके. कोपऱ्यातली खाट रिकामीच होती. भिंतीकडच्या उशीत डोक्याचा खळगा तेवढा दिसत होता. गेली असेल तोंड धुवायला, असं म्हणून मावशीने आपली पिशवी डोक्याखाली घेतली, भिंतीकडे पाठ केली आणि खाटेच्या कडेवर अंग टाकलं. डोळे मिटायचाच अवकाश, पापण्या शिशासारख्या जड झाल्या.

थोड्या वेळाने पाठीमागे गादी दबली. पावलं वाजली नव्हती, पडदा सरकला नव्हता. नुसती गादी दबली, आणि एक वास आला. डिझेलचा, धुळीचा, दोन दिवस अंगावरून न उतरलेल्या कपड्यांचा. मावशीला वाटलं, आपल्याच अंगाचा असेल.

"सरकू का थोडी?" तिने न वळताच विचारलं.

"नको… पुरते मला एवढी."

आवाज कोरडा होता. घोटभर पाण्यासाठीही न उठलेल्या माणसाचा असतो तसा.

"लांब जायचंय?" मावशीने विचारलं.

"लेकीकडे… पहिलं बाळंतपण आहे तिचं."

"अगं बाई. मीही त्यालाच निघालेय."

मागून आवाज आला, "पोचाल ना वेळेवर?"

"संध्याकाळची गाडी गाठली की पोचले."

"मीही तेच म्हटलं होतं. जरा पाठ टेकते, मग निघते… पण कुणी उठवतच नाही हो."

"मी उठवते की. जाताना हाक मारीन."

"विसरणार नाही ना?"

"नाही विसरत. झोपा आता."

झोपेच्या काठावर असतानाच मावशीच्या काहीतरी लक्षात आलं. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत राहिलेला कान तो. कुठलं यंत्र चालू आहे नि कुठलं बंद, हे त्याला न बघता कळायचं. आत्ता त्या कोपऱ्यात एकच श्वास चालू होता, आणि तो तिचा स्वतःचा होता. मागे वजन होतं, वास होता, श्वास नव्हता. वळून बघावं असं तिच्या मनात आलं. पण शरीर आता कुणाचंच ऐकत नव्हतं. भीती वाटत होती, पण दमणूक भीतीहून मोठी निघाली. मावशी झोपली.

जाग आली ती खालचा हातोडा थांबला म्हणून. पडद्यावरचं ऊन उतरलं होतं. गादी मागे तशीच दबलेली. मावशी बिचकतच उठून बसली. कडेने नजर गेली तेव्हा चादरीबाहेर आलेले दोन पाय दिसले. धुळीने पांढरे पडलेले, टाचांना भेगा. त्यांच्यावरची चादर जराही हलत नव्हती. वर तोंडाकडे बघायची तिची छाती झाली नाही.

तिने चपला हातात घेतल्या. पडद्याशी पोचली. तिथूनच निघून गेली असती तर कुणी दोष दिला नसता. पण शब्द दिला होता, आणि तोही लेकीच्या ओढीने निघालेल्या बाईला. तिने पाठमोरी राहूनच हाक मारली.

"उठा हो… गाडीची वेळ झाली."

मागे काहीच झालं नाही. मग खाटेच्या दोऱ्या कुरकुरल्या, एकएक करून, जणू कुणी फार सावकाश अंग उचलत होतं. मावशी जिना कसा उतरली तिला कळलं नाही. वर खाटवाली जागेवर नव्हती. नुसती बादली होती.

गाडी खच्चून भरली होती. लोक दांड्याला लोंबकळत होते, तरी मावशीच्या शेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत कुणी घेतली नाही. येणारा येई, जागेकडे बघे, आणि पुढे सरके. एरवी मावशी खुशाल आडवी झाली असती. आज ताठ बसून राहिली.

पण ती वेळेवर पोचली. लेक सुखरूप सुटली, मुलगी झाली. मग मावशीला कसली भीती नि कसलं काय. धुणी, शेक, मऊ भात, रात्रीची जागरणं. जावई दूध डेअरीत रात्रपाळीला, म्हणून लेक आणि बाळ मोठ्या पलंगावर झोपत आणि मावशी स्वयंपाकघरात चटई टाकी. माडीवरचं सगळं तिने थकव्याच्या खाती टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही. रजा संपली, तेव्हा बाळाच्या टाळूचा वास घेऊन ती त्याच साध्या गाड्यांनी परत निघाली.

घाटाखालच्या गावात पुन्हा दुपार, पुन्हा संध्याकाळपर्यंतचा खोळंबा. मावशीचे पाय आपसूक जिना चढले. खाटवाली तशीच, बादलीत पाय सोडून.

"अर्धी आहे का?"

खाटवालीने या वेळी मान वर केली. "अर्धी आता मिळत नाही. पूर्णच घ्यावी लागेल." थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही उठवलंत ना तिला?"

मावशीने हातातली पिशवी खाली ठेवली.

"माझी सासू ही माडी चालवायची, तेव्हाची गोष्ट. ती बाई तुमच्यासारखीच आली, दमून. संध्याकाळी मी हलवायला गेले तर अंग गार. तेव्हापासून पडून असायची बिचारी. कुणाच्या अध्यात ना मध्यात. जे झोपायचे त्यांना म्हणायची, उठवा. पण उठवलं कुणीच नाही, पळूनच जायचे."

"मला आधी सांगायचं होतंत…"

"सांगितलं असतं तर तुम्ही झोपला असतात का? आणि डोळे तर उघडत नव्हते तुमचे."

मावशी पायरीवर बसली. "मग आता गेली असेल ती. आपल्या लेकीकडे."

"लेक कुठली." खाटवाली पाण्याकडे बघत राहिली. "ती त्याच बाळंतपणात गेली. पोरही गेलं. हिला ते ठाऊकच नाही."

मावशीला गाडीतली ती रिकामी जागा आठवली. मावशीने पिशवीतून फोन काढला. परत उलटं जायचं तर भाड्यापुरतेही पैसे नव्हते. जवळ होतं ते फक्त घरचं तिकीट. तिने लेकीचा नंबर लावला.

"पोचलीस का गं?" लेक दबक्या आवाजात म्हणाली.

"वाटेत आहे. तू कशी आहेस? बाळ?"

"छान आहोत दोघी. आई… जरा हळू बोल. आत्ताच झोप लागलीये."

"बाळाला?"

"नाही, ही तर मांडीवर टक्क जागी आहे. पलंगाकडेच बघतेय मघापासून…"

लेक बोलता बोलता थांबली.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी आत्ता कुणाबद्दल बोलले गं?"