तीन बोटं

मी औषधं मोजते. इस्पितळाच्या औषधखिडकीमागे बसून निळ्या थाळीत गोळ्या ओतायच्या, चपट्या सुरीने पाच-पाचच्या ओळीत सरकवायच्या आणि पुडीत भरायच्या. एकोणीस वर्षांत एक गोळी कमी-जास्त गेल्याची तक्रार नाही. हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझ्या हातून मोजताना चूक झाली असं कुणाला वाटायला नको. चूक झाली नव्हती.

दुसरी गोष्ट नेमाची. सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. देवाला शब्द दिला त्याला बावीस वर्षं झाली. तापात मौन मोडलं नाही, प्रवासात मोडलं नाही. मुलगी झाली त्या सकाळीही ओठ आवळून होते. म्हणून कामाची पाळीही दुपारचीच मागून घेतली आहे. लोक म्हणतात, जमतं कसं? जमायचं ते ताईमुळे.

ताई माझी सख्खी बहीण, चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिने घातल्या, माझं शिक्षण होईपर्यंत स्वतःचं लग्न पुढे ढकललं आणि मग ते राहूनच गेलं. माझं लग्न झाल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली. सकाळी दारात कुणी आलं, शाळेतून फोन आला, नवऱ्याला मोजे सापडेनात, की माझ्या वतीने ताई बोलायची. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे जिन्याखालच्यांनाही कळेल अशा आवाजात. "ती म्हणत्येय, कपाटात बघा." मी काही म्हटलेलंही नसायचं. पण मोजे कपाटातच असायचे.

आमचं घर चौकात, सिग्नलच्या अगदी वर. मुलीचा खोकला दोन वर्षं हटेना, तेव्हा डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता सांगितलं की हिला इथून हलवा. माझे यजमान लिफ्टची तपासणी करतात. कामानिमित्त शहराबाहेरच्या एका कुंपणाच्या वसाहतीत गेले होते, तीच त्यांच्या मनात भरली. बैठी घरं, मागे अंगण, आत गाड्यांना बंदी. वसाहतीची पद्धतही त्यांना आवडली: घ्यायचं की नाही ठरवण्याआधी नमुन्याच्या घरात सात दिवस राहायचं आणि आपल्या राहणीला ते मानवतं का ते पाहायचं. फक्त अंगणाची घरं तिघांच्या कुटुंबासाठी. चौघं असतील तर मागची इमारत, महामार्गाच्या तोंडाशी.

"ताईंचं नंतर बघू," ताटातून मान वर न करता यजमान म्हणाले. "आधी घर तर पदरात पडू दे."

मी गप्प बसले. तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. मौन नव्हतं.

शनिवारी सकाळी दहाला आम्ही फाटकाशी पोचलो. यजमान गाडी लावायला गेले, मुलगी त्यांच्याबरोबर. करड्या स्वेटरमधल्या पहारेकऱ्याने वही उघडली आणि एवढंच विचारलं, "किती जण?"

ताई माझ्या मागेच होती, तपकिरी पिशवी छातीशी धरून. नेहमीसारखी माझ्या वतीने बोलायला तिने तोंड उघडलं, आणि मी हात वर केला.

तीन बोटं.

पहारेकऱ्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग पुन्हा बोटांकडे. "बरोबर ना?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने वहीत आकडा लिहिला आणि गळ्यात घालायची तीन कार्डं दिली.

"बरं केलंस," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "माझं काय, मी कोपऱ्यात मावते."

घर सुरेख होतं. तीन खुर्च्या, तीन कप, न्हाणीघरात तीन टॉवेल, स्वच्छ आणि कडक इस्त्रीचे. ताईने मागच्या पायरीवर बस्तान मांडलं. खुर्ची द्यायला गेले तर म्हणाली, इथेच वारा येतो. मुलगी पहिल्या दिवशी सायकलवरून अकरा फेऱ्या मारून आली आणि एकदाही खोकली नाही. ताईने लांबूनच तिच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली.

पहिल्यांदा खटकलं ते बोळातल्या दिव्याचं. कुणी आलं की आपोआप लागणारा दिवा. माझ्यासाठी लागायचा, मुलीसाठी लागायचा, शेजारच्या मांजरासाठीसुद्धा लागायचा. ताई त्याखालून अंधारातच जायची. यजमानांनी खुर्चीवर चढून तो उघडला, फुंकर मारली, आणि ताई फार हळू चालतात म्हणून तो फसतो असं निदान केलं. मला पटलं. मशीन आहे, फसतं.

तिसऱ्या दिवशी शेजारीण चहा घेऊन आली. गोड, नीटस बाई. तिने ट्रे पुढे केला तेव्हा मला दिसलं की तिची उजव्या हाताची करंगळी तळव्याशी मिटलेली आहे. जुनी दुखापत असेल. ट्रेमध्ये तीन कप होते. वसाहत कशी वाटते, मुलगी झोपते का शांत, असं ती विचारत होती. मागच्या पायरीवरून ताई म्हणाली, "फार छान आहे हो, पण फार शांत आहे." शेजारणीने बोलणं थांबवलं नाही, मान वळवली नाही. भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीकडे आपण जेवढं लक्ष देतो तेवढंही दिलं नाही.

मला वाटलं, उद्धट आहे. मग वाटलं, ऐकू आलं नसेल. ताईचा आवाज उतरला होता खरा. पण इतका?

त्या संध्याकाळी फिरायला निघाले. वाचनालयात वही पुढे करणाऱ्या बाईची करंगळी मिटलेली. खेळाच्या मैदानावर झोका देणाऱ्या आईची, तशीच. प्रत्येक घराच्या मागे एक पायरी होती, आणि प्रत्येक पायरीवर एक जागा झिजून गुळगुळीत झाली होती. घरं तर सगळी नवी होती.

यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, दिवसभर गोळ्या मोजणाऱ्या माणसाला बोटंच दिसणार. हसलेही. मीही हसले.

पाचव्या दिवशी रात्री मुलीने ताटं घेतली. तीन. मी चौथं काढून ठेवलं, तर तिने ते उचलून परत फडताळात ठेवलं, हट्टाने नव्हे, चुकून राहिलेली वस्तू जागेवर ठेवावी तसं. ताई उभ्यानेच वाटीत घेऊन जेवली. तिचं जेवण पूर्वीपासून चटकन उरकायचं, लहानपणी आधी मला वाढायची त्या सवयीने. वाटी धुऊन पालथी घालताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "घर घ्या हं. पोरीला मानवलंय."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. आपण चौघं आहोत, आपल्याला मागची इमारत चालेल, एवढी दोन वाक्यं. मी तिच्या हातून फडकं घेतलं आणि ओटा पुसला.

सहाव्या दिवशी सकाळी तिची चटई गुंडाळलेली होती.

पिशवी होती. उघडली तर आत मुलीचे स्वेटर. मी अंगण पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. यजमान दाढी करत होते. त्यांच्यापुढे मी हाताने खूण केली, डोक्यावर पदर, कानामागे हात, आमच्या घरातली ताईची ठरलेली खूण. त्यांनी आरशातून पाहिलं. "कान दुखतोय का तुझा?" ते म्हणाले.

साडेनऊ वाजले होते.

मी मागच्या दारात उभी राहिले. तेव्हा ऐकू आलं. पायरीजवळून, अगदी हलकं, ताई मला हाक मारत होती. लहानपणी अंधारात घाबरले की मारायची तशी.

"अगं. इकडे बघ. मी इथेच आहे."

पायरीवर कुणी नव्हतं.

"नुसतं 'ओ' म्हण."

बावीस वर्षं. तापात नाही, बाळंतपणात नाही. मी देवाचं नाव मनात घेतलं आणि ओठ आवळले. मी स्वतःला सांगितलं की ही परीक्षा आहे. आज कबूल करते, परीक्षा वगैरे काही नव्हतं. 'ओ' म्हटलं असतं तर फाटकाशी जाऊन चार म्हणावं लागलं असतं.

तिसऱ्यांदा हाक आली ती पानावरून पाणी गळावं तेवढीच. मग तीही नाही.

बाराच्या ठोक्याला मी ओरडले. शेजारणीने खिडकीतून पाहिलं आणि पडदा सरळ केला.

मी धावत फाटकाशी गेले. पहारेकऱ्याला म्हटलं, चूक झाली, आम्ही चौघं आहोत, खोडा तो आकडा. तो अदबीने उठला. त्याने दटावलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण त्याने वही माझ्यापुढे वळवली आणि म्हणाला, "खोडतो ना बाई. आमची पद्धत एवढीच, ज्याने दाखवलं त्यानेच पुन्हा दाखवायचं."

मी हात वर केला.

पहिलं बोट, दुसरं, तिसरं.

करंगळी उघडेना.

डाव्या हाताने ती धरून ओढली. दुखत नव्हती. नुसती मिटून होती, झोपलेल्या मुलाची मूठ असते तशी. पहारेकरी वाट पाहत होता. बऱ्याच वेळाने त्याने वही आपल्याकडे वळवली.

"तीन," तो म्हणाला.

सातव्या दिवशी यजमानांनी कागद पुढे केले. मुलगी अंगणात उड्या मारत होती, छातीत जराही घरघर नव्हती. मी सही केली. लेखणी धरायला करंगळी लागत नाही.

आता आठ महिने झाले. घरात तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. जुन्या फोटोंत ती उभी होती तिथे भिंत आहे, माझ्या वेण्या मात्र तिनेच घातलेल्या, घट्ट. गोळ्या मी अजून मोजते, चुकत नाही. नेमही चालू आहे. सकाळी माझ्या वतीने बोलायला कुणी नाही आणि इथे कुणाला त्याची गरजही पडत नाही. रोज बारापर्यंत मी मागच्या दारात उभी असते आणि बारा वाजले की "ओ" म्हणते. पायरी कडेला थोडी गुळगुळीत झाली आहे.

काल सकाळी फाटकाशी होते. नव्या लोकांचं स्वागत आळीपाळीने करावं लागतं, माझी पाळी होती. एक गाडी आली. नवरा, बायको, एक मुलगा, आणि मागच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ, गुडघ्यांत काठी धरलेले. बाई खाली उतरली. पहारेकऱ्याने वही उघडून विचारलं, किती जण.

तिने गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ओळखता येतं. एक शब्द पुरला असता.

पावणेबारा वाजले होते. मी ओठ मिटून हसले.

तिने हात वर केला.

गाडीतळाकडे वळताना गाडी माझ्या जवळून अगदी हळू गेली. म्हातारेबुवा काचेतून बाहेर पाहत होते, माझ्याकडे नव्हे, माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, जिथे कुणी नव्हतं. त्यांनी किंचित मान लववली. बाकावर कुणी सरकून जागा करून दिली की आपण लववतो, तशी.