अर्पितानं नाव सांगितलं

शनिवारची सकाळची शाळा सुटली, तेव्हा बाईंनी अर्पिताला नकाशे मागच्या खोलीत ठेवून यायला सांगितलं. अर्पिता नववीत होती. जळगाव जामोदजवळच्या गावाहून ती खामगावला मामाकडे शिकायला आली होती. पण जूनपासून वर्गात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. डिंपलनं तसं बजावूनच ठेवलं होतं. वर्गाच्या ग्रुपमधूनही तिनंच अर्पिताला काढलं होतं.

नकाशे ठेवून ती वळली, तोच दार आपटलं. बाहेरून कडी लागली.

"राह्य आता एकटीच!" डिंपलचं हसणं दूर दूर गेलं.

खोलीला खिडकी नव्हती. ओल्या कागदांचा कुबट वास नाकात बसत होता. हाका मारून घसा बसला, तशी अर्पिता भिंतीला टेकून रडू लागली.

"रडू नको वं..."

अगदी कानाशी. अर्पिताच्या अंगावर काटा आला. पण आवाज तिच्याच वयाच्या मुलीचा होता.

"तुले... तुलेही कोंडलं?"

"हाव. लय दिवस झाले."

मग ती मुलगी विचारत राहिली. आई कुठं राहते, डब्यात काय होतं, करमते का इथं. इतकं कुणी विचारलंच नव्हतं. अर्पिता भीती विसरून बोलत सुटली.

"कोनं कोंडलं तुले? नाव सांग."

सांगू नये, असं का कोण जाणे तिला वाटलं. पण राग अनावर झाला.

"डिंपल."

अंधार एकदम गप्प झाला. थोड्या वेळानं शिपाई जनकाबाईंनी दार उघडलं. उजेडात नकाशांशिवाय आत काहीच नव्हतं.

सोमवारी हजेरीत डिंपलचं नाव आलंच नाही.

"डिंपल आली नाही?" अर्पितानं भीत भीत पुष्पांजलीला विचारलं.

"कोन डिंपल?" पुष्पांजलीनं सरकून बाकावर जागा केली. "बस नं. उभी काऊन राह्यली?"

सगळ्या तिच्याशी बोलत होत्या, जणू पहिल्यापासूनच. अर्पिताला रडावं की हसावं कळेना. शाळा सुटल्यावर ती डिंपलच्या घरी गेली. तिची आई अंगणात होती.

"काकू, डिंपल..."

"कोन पाह्यजे बाई? मले पोरगी नाही."

दोरीवर शाळेचा ड्रेस टपटप निथळत होता. अर्पितानं नुसतं बोट दाखवलं. काकू वळल्या आणि बराच वेळ तिकडं बघत राहिल्या.

"रोज धुतो मी हा..." त्या हळूच म्हणाल्या. "कोनाचा हाय वं?"