एव्हानची शीळ

मेलेला माणूस शीळ घालत नाही, हे वेल्समधल्या आमच्या बाला गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. तरी त्या बाजाराच्या दिवशी मेरेरिद ह्यूजचं बोलणं ऐकून चहाच्या दुकानात एकही जण हसला नाही.

"दहा दिवस झाले, बाई," मेरेरिद सांगत होती. "सकाळी एवढं धुकं, की अंगणातली विहीर दिसेना. आणि वरून, अरान डोंगरावरून, माझ्या नवऱ्याची, एव्हानची शीळ आली. एक लांब, दोन तुटक. अकरा महिने झाले त्याला जाऊन. बारा वर्षं ऐकलीय मी ती, चुकेन कशी? दारातच बसले. धुकं उठल्यावर वर गेले, तर चाळीस मेंढ्या गायब!"

तुदुरच्या हातातला बेदाण्यांच्या पावाचा तुकडा तोंडापाशीच थांबला. समोर बसलेली हेलेद प्रॉसर मात्र चहा ढवळत राहिली. गुन्हे शोधणं हा तिचा धंदा, आणि तुदुर तिचा जुना सोबती. चौकशा ती करायची, घाबरायचं काम तो करायचा.

"कुत्रा कुठे होता?" हेलेदने विचारलं.

"मॉट? दुपारी आला, चिंब ओला, जीभ हातभर बाहेर. सशामागे गेला असेल म्हटलं. एव्हान गेल्यापासून कुणाचं काम करत नाही तो. मी हाका मारते, तो शेपटी हलवतो, संपलं. मला शीळ येत नाही ना."

मॉट तिच्या पायाशीच पसरला होता. नाव ऐकून त्याने शेपटी हलवली.

"सोमवारी जमीनदाराचा कारभारी मेंढ्या मोजायला येतोय," मेरेरिद म्हणाली. "आमच्याकडे डोंगरावरचं शेत कळपासकट भाड्याने मिळतं. कळप अपुरा भरला, तर आमचं हाफोदवेनचं शेत गेलं. घर गेलं. आणि माझ्या मेंढ्या, बाई, त्या समोरच्या कोंडवाड्यात उभ्या आहेत! तोंडं ओळखते मी एकेकीची. पण तोंडाला कोण विचारतो? कानावर खूण इथेलची आहे."

इथेल म्हणजे तिचा धाकटा दीर. तळ्याच्या पलीकडच्या काठावर त्याचं शेत.

तिघं कोंडवाड्याशी गेली, मॉट मागोमाग. फाटकाची कडी निसटली होती, मेंढ्या रेटा देत होत्या आणि इथेल हात पसरून "हो! हो!" करत बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

"घसा बसेल याचा," तुदुर पुटपुटला.

"बसलाच आहे," हेलेद म्हणाली.

इथेलने कशीबशी कडी घातली. "वहिनी, पुन्हा तेच? अहो, या मेंढ्या मी एप्रिलात एलिसकडून घेतल्या. ही पावती. त्याच आठवड्यात कान कापले. तुमच्या मेंढ्यांच्या कानाला खाच असते, माझ्या मेंढ्यांच्या कानाला शेंडाच नसतो. बारा वाजता ट्रक निघणार, उगाच तमाशा नको."

हेलेदने एका मेंढीचा कान कुरवाळला. बोटावर खपली आली, ती तिने रुमालात टिपली.

शेजारीच एलिस उभा होता. डोंगराच्या पायथ्याचं कुरण त्याचं. मेरेरिदशी बांधावरून त्याचं भांडण, त्यामुळे गावाचा पहिला संशय त्याच्यावर.

"चाळीस विकल्या, खरं आहे," तो म्हणाला. "माझ्या खालच्या कुरणातल्या. जन्मात वर गेल्या नाहीत त्या. आणि मी चोरी करू कशी? माझा कुत्रा शिवेपलीकडचा, इंग्लंडातला, इंग्रजीत सांगितल्याशिवाय हलत नाही बाई! शीळ घालू म्हणाल, तर हे बघा." त्याने तोंड उघडलं. पुढचे दात नव्हते.

हेलेद लिलाववाल्याकडे वळली. त्याचं नाव गेथिन, गाव त्याला गेथिन हातोडा म्हणतं. "मेंढ्यांनाच विचारू या ना. मेंढी आपलं चरायचं ठिकाण विसरत नाही. तळ्याकाठच्या रस्त्यावर सोडा. एलिसच्या कुरणाचं फाटक वाटेतच आहे. त्यात वळल्या तर मेरेरिदबाई भर बाजारात माफी मागतील."

"मेंढ्या काय साक्ष देणार?" इथेल उसळला.

"का रे, घाबरलास?" गेथिन म्हणाला. आजूबाजूचे डोंगरातले शेतकरी इथेलकडे रोखून बघायला लागले. तिथे नाही म्हणणं म्हणजे कबूल करणंच होतं.

कोंडवाडा उघडला. मेंढ्या पेठेतून निघाल्या, मागे मॉट आणि अर्धा बाजार. चर्चा, थट्टा, पैजा. तळ्याचा काठ लागला. तेगिद तळं आम्ही रोज बघतो, पण त्या दिवशी अख्खा डोंगर त्यात उलटा उभा होता आणि पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

एलिसचं फाटक सताड उघडं होतं. आत घोट्याएवढं कोवळं गवत. एकीनेही मान वळवली नाही.

पुढे दोन वाटा फुटतात. म्हातारी मेंढी पुढे होती, ती क्षणभरही न थबकता चढाच्या वाटेला लागली. कुणी हाकत नव्हतं, कुणी बोलावत नव्हतं. गेथिनने डोक्यावरची टोपी काढली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

डोंगराचं फाटक आलं. ते बंद होतं.

"वाट फुटेल तिकडे जातात मेंढ्या," इथेल घोगऱ्या आवाजात म्हणाला. "यात काय सिद्ध झालं?"

"काहीच नाही," म्हणत हेलेदने फाटक उघडलं. "मेंढ्या तुझ्या. अडव त्यांना."

मेंढ्या वर चढावर उधळल्या. इथेल ओरडायला गेला, पण घशातून आवाजच फुटेना. चाळीस मेंढ्या हातच्या जाताना बघून त्याची बोटं आपसूक तोंडात गेली.

एक लांब, दोन तुटक.

मेरेरिदने बांधाचा दगड घट्ट धरला. मॉट बाणासारखा सुटला, डोंगराला वळसा घालून चाळीसच्या चाळीस मेंढ्या गोळा करून त्याने इथेलच्या पायाशी आणल्या आणि पोटावर बसला.



"भूत...?" तुदुरने हळूच विचारलं.

"भाऊ," हेलेद म्हणाली. "दोघांना शीळ शिकवली एकाच बापाने. धुक्यात चाळीस मेंढ्या एकही न सांडता खाली आणायच्या, तर डोंगर माहीत असलेला कुत्रा हवा. मॉट त्या दिवशी ओला आणि दमलेला आला, म्हणजे काम त्यानेच केलं. तो फक्त शिळेला उठतो. एलिसला शीळ घालता येत नाही. आणि हा डोंगरातला गडी आज घसा बसेस्तोवर ओरडला, पण शीळ घातली नाही. का? कारण मॉट समोर होता. कान एप्रिलात कापले म्हणतो, तर आता सप्टेंबरात खपली कशी निघेल? खाच लपवायला शेंडाच उडवलास ना? एलिसच्या मेंढ्यांची पावती खरी आहे, पण त्या मेंढ्या कुठे गेल्या?"

"मे महिन्यात विकल्या," इथेल मान खाली घालून म्हणाला. "त्या घरात जन्मलो मी. सगळं एव्हानला मिळालं. वहिनी निघाल्या असत्या तर मला मिळालं असतं."

"हवालदाराला बोलवा रे!" गेथिन गरजला.

"थांबा." मेरेरिद पुढे झाली. तिने फाटकातून मेंढ्यांना वाट करून दिली. त्या सावकाश वर चढल्या आणि कुणी न सांगता पांगल्या. एक झऱ्याशी, एक खडकामागे, प्रत्येक मेंढी तिथेच, जिथे तिची आई चरायची. मेरेरिदच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिने पुसलं नाही.

"माझ्या मेंढ्या घरी आल्या. सोमवारी पुऱ्या भरतील. हवालदार नको मला," ती म्हणाली. मग इथेलकडे वळली. "पण तू असाच जायचा नाहीस. ती शीळ मला शिकव. मग खुशाल तोंड काळं कर."

इथेलने तिला बोटं कशी धरायची, जीभ कुठे टेकवायची ते दाखवलं. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा थुंकी. तुदुरला हसू फुटणार, तोच हेलेदने त्याच्या पायावर पाय दिला.

पाचव्यांदा निघाली. वाकडी, कापरी, पण एक लांब, दोन तुटक.

मॉट उठून उभा राहिला. या वेळी त्याने शेपटी हलवली नाही. कान टवकारून तो मेरेरिदकडे बघत पुढच्या हुकमाची वाट पाहत राहिला.