स्वच्छ कप्प्यातली अकरा पिलं

दोन्ही कप्प्यांत खाद्य एकाच गोणीतलं, पाणी एकाच टाकीतलं. तरी पहिल्या कप्प्यातली महिन्याभराची डुकराची पिलं हुंदडत होती आणि दुसऱ्यातली अकरा पांढुरकी होऊन पडली होती. बारावं सकाळीच गेलं. पाच दिवस हे कोडं सोडवायची धडपड करून आजोबा आणि मी पार थकलो होतो.

माझे आजोबा इनास तुस्कानो यांनी जनावरांच्या खाद्यावर जन्मभर संशोधन केलं. निवृत्तीनंतर वसईला आमच्या वराहपालन केंद्रात आराम करायला आले आणि पुन्हा त्याच कामाला जुंपले गेले.

तपासणी यंत्राने रक्ताचा निकाल दाखवला. दुसऱ्या कप्प्यात लोह फार कमी, कॅडमियम (खाद्यात अगदी थोडं आढळणारा विषारी धातू) पहिल्याच्या तिप्पट.

"खाद्य तेच, मग विष यांच्यातच का जास्त?"

आजोबा पालथ्या बादलीवर बसले. "जोविटा, आतड्याला दारं असतात असं समज. लोहासारखी सूक्ष्म खनिजं (शरीराला थोडीच, पण हवीतच अशी) त्यांतून आत जातात. लोह कमी पडलं की शरीर आणखी दारं उघडतं. कॅडमियमही त्याच दारांतून घुसतं."

"आणि लोह पुरेसं असलं तर?"

"दारं कमी, त्यांतही लोहाचीच गर्दी. मग बरंचसं कॅडमियम विष्ठेवाटे निघून जातं."

"पण यांनाच लोह कमी का?"

"आईच्या दुधात ते थोडंच असतं. रानात पिलं माती उकरून खातात, इथे सगळं सिमेंट. म्हणून तर मी दोन्हीकडे टोपलीत लोह असलेली, तपासलेली लाल माती ठेवतो."

दुसरा कप्पा माझ्याकडे होता. स्वच्छतेची तपासणी होणार म्हणून धुलाईच्या यंत्रमानवाला मीच सांगितलं होतं, माती दिसली की धुऊन टाक. हे मी आजोबांना सांगितलं.

"टोपली रिकामी मलाही दिसत होती," ते म्हणाले. "वाटलं, खाल्ली असेल. बघायला हवं होतं मी."

"आत गेलेलं विष निघेल?"

"मूत्रपिंडात साठलेलं सहजी निघत नाही. नवं येणं मात्र कमी करता येईल. रक्तातलं लोह रोज आपोआप मोजणारं काहीतरी तू मोठी झाल्यावर बनव. मी दमलो गं."

आम्ही अकराही पिलांना लोहाचं इंजेक्शन दिलं. मातीची टोपली मी पुन्हा भरली आणि यंत्रमानवाला ती धुवायला बंदी केली.

चौथ्या दिवशी दहा पिलं मातीत तोंड खुपसत होती. अकरावं उठेना. त्याला मांडीवर घेतलं, बोटाला माती लावून ते तोंडाशी धरलं. कितीतरी वेळाने त्याने बोट चाटलं, आणि मला रडू आलं.